बी ब्रेडची कॅप्सूल आणि सातेरीचं पोट

कोल्हापुरात राजारामपुरीत औषधाचं दुकान चालवायचं म्हणजे निम्मा वेळ गोळ्या द्यायच्या आणि निम्मा वेळ व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डना उत्तरं द्यायची. सध्या मधमाशीची चलती आहे. आधी रॉयल जेलीची विचारणा व्हायची, मग प्रोपोलिसचा स्प्रे आला, आणि आता बी ब्रेड, म्हणजे माशांनी पोळ्यात साठवलेला पराग. एक काका मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मॅडम, हे बगा. शुगर, बीपी, गुडघं, सगळ्यावर एकच. तुमच्याकडं हाय का?" त्याच आठवड्यात एका कंपनीचा एमआर, म्हणजे औषधं खपवणारा प्रतिनिधी, गुळगुळीत माहितीपत्रक ठेवून गेला. वर मोठ्या अक्षरात 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' आणि खाली आजारांची अशी यादी की एवढे रोग झालेला माणूस दुकानापर्यंत चालत येणारच नाही.

सिद्ध म्हणजे कुणी, कुणावर, किती डोस देऊन केलं, हे विचारायची फार्मसीच्या शिक्षणानं लागलेली खोड अजून सुटलेली नाही. शटर ओढल्यावर जेवणं आवरली की मी एकेक शोधनिबंध काढून वाचायला लागले. वाचता वाचता गंमत अशी झाली, की माणसाच्या गुडघ्याबद्दल फारसं काही हाती लागलं नाही. मधमाशीबद्दल मात्र इतकं मिळालं की झोप उडाली.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. माझा मावसभाऊ बाळू भुदरगडात पाटगावच्या बाजूला असतो. गारगोटी, कडगाव करत पुढं गेलं की ऊस मागं पडतो आणि जंगल सुरू होतं, तिथं. साताऱ्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, त्यानंतर आपल्या जिल्ह्यात पाटगावला हे नाव मिळालं. मौनी महाराजांचा मठ म्हणून आपण जायचो, आता लोक मधाची बाटली आणायलाही जातात. बाळूकडं सातेरी, म्हणजे आपल्या देशी माशीच्या पेट्या आहेत. त्यानं एक जुनी चौकट माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती.

चौकटीच्या वरच्या पट्ट्यात मध, खाली मधोमध पिल्लांची घरं, आणि दोन्हींच्या मध्ये कमानीसारखा एक पट्टा. त्या पट्ट्यातली घरं रंगीत. एक पिवळं, शेजारचं भगवं, त्याच्या बाजूचं मातकट, एखादं पांढरट. बाळूनं चाकूच्या टोकानं एक घर चिरलं आणि आतला गट्टू माझ्या तळहातावर ठेवला. उभा कापल्यावर आत थर दिसले: खाली पिवळा, वर बारीकसा तांबूस, पुन्हा पिवळा. म्हणजे एकाच घरात वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या फुलांवरून आणलेला पराग. माशी पायांवरच्या गोळ्या घरात टाकून जाते. आतली दुसरी माशी त्यात थोडा मध आणि लाळ मिसळून डोक्यानं दाबून दाबून बसवते. घर काठोकाठ भरत नाहीत, वर थोडी जागा ठेवतात आणि पुष्कळदा मधाचा पातळ थर देतात. मी जिभेवर ठेवून बघितलं. आधी गोड लागलं, मग आंबट, आणि शेवटी आंबलेल्या पिठासारखी चव घशात राहिली. हेच बी ब्रेड.

"ह्येच इकत्यात व्हय डबीतनं?" बाळूनं विचारलं. "आमी तर जुनं पोळं मेणाला घालताना ह्ये सगळं टाकून देतोय की गं आक्का."

आता माहितीपत्रकातला पहिला दावा. पराग म्हणे पोळ्यात आंबतो, जीवाणू त्याचं टणक कवच फोडतात, जीवनसत्त्वं वाढवतात, आणि म्हणून बी ब्रेड साध्या परागापेक्षा कितीतरी पटींनी पौष्टिक. ऐकायला पटतं, कारण आपण इडली-आंबोळीवर वाढलेली माणसं. बी ब्रेडमध्ये लॅक्टिक आम्लाचे जीवाणू सापडतात आणि त्याचा पीएच 4 च्या आसपास, म्हणजे आंबट असतो, हे खरं आहे. पण अमेरिकेच्या कृषी खात्याची ॲरिझोनात टक्सनला मधमाशी संशोधनाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या कर्क अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये पोळ्यात साठवलेल्या परागातले जीवाणू मोजले. साठवण जुनी होत जाईल तसे जीवाणू वाढायला हवे होते; ते कमी होत गेले. परागाचं पोषणच बदलून टाकतील एवढे ते कधी नव्हतेच. परागकणाची कवचंही जवळपास शाबूत. त्यांचा निष्कर्ष असा, की माशा पराग आंबवून 'सुधारत' नाहीत, तो टिकवून ठेवतात. मध, लाळ, आम्ल हे सगळं त्या टिकवण्याचं साहित्य. थोडक्यात, हे लोणचं आहे. त्याच प्रयोगशाळेतल्या पुढच्या अभ्यासात तर माशा जुन्या साठ्यापेक्षा नुकताच भरलेला पराग जास्त आवडीनं खाताना दिसल्या. माशीलाच ताजं हवं असतं आणि आपल्याला मात्र 'मुरलेलं' म्हणून जास्त पैशाला विकतात.

हे खातं कोण? बाहेर फिरणारी माशी नाही, तिचं काम मकरंदावर भागतं. बी ब्रेड खाते ती घरातली तरुण दाई माशी. त्यावर तिच्या डोक्यातल्या ग्रंथी भरतात, त्यातून खाद्यरस पाझरतो आणि तो अळ्यांना भरवला जातो. राणीच्या अळीला शेवटपर्यंत तोच रस, म्हणजे रॉयल जेली. कामकरी माशीच्या अळीला पहिले तीन दिवस रस, पुढं त्यात मध आणि पराग मिसळलेलं खाणं. अंडी सारखीच, एक 16 दिवसांत राणी होऊन बाहेर येते, दुसरी 21 दिवसांत कामकरी. (हे दिवस मेलिफेरा या परदेशी माशीचे, सातेरीचं वेळापत्रक थोडं आखूड.)

मग राणी घडते कशानं? 2011 मध्ये जपानच्या मासाकी कामाकुरा यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की रॉयल जेलीतलं एक प्रथिन, रॉयलॅक्टिन, हे त्यामागचं कारण. जगभर गाजलं. रॉयल जेलीच्या जाहिरातींना तर सुगीच आली. 2016 मध्ये त्याच 'नेचर'मध्ये जर्मनीतल्या आन्या बुटश्टेट आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की ते प्रथिन काढून टाकलं तरी राण्या होतातच. ही दुसरी बातमी मात्र कुठल्या डबीवर छापून आली नाही. त्याच बुटश्टेटबाईंनी 2018 मध्ये ते प्रथिन नेमकं काय करतं ते दाखवलं, आणि मला या सगळ्या वाचनात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. राणीचं घर पोळ्याला खाली तोंड करून लोंबतं. अळी त्यात उलटी असते, वर छताला रॉयल जेली आणि तिला चिकटून अळी. ते प्रथिन आम्लात तंतू बनवतं आणि जेली इतकी घट्ट चिकट होते की अळी खाली पडत नाही. आम्लता कमी केली की जेली पातळ होते आणि अळ्या गळून पडतात. म्हणजे ज्या प्रथिनाच्या नावावर लोक तारुण्य विकत होते, ते तिथं निदान एक काम नक्की करत होतं: डिंकाचं.

आणि 2015 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मे बेरेनबॉम यांच्या गटानं हा प्रश्नच उलटा करून विचारला. राणीला काय मिळतं हे सगळे बघत होते. तिला काय मिळत नाही? तिला मध आणि बी ब्रेड मिळत नाही. त्या दोन्हींत पी-कुमारिक आम्ल असतं, परागाच्या कवचातून आलेलं. रॉयल जेलीत ते नसतं. प्रयोगशाळेत अळ्यांच्या खाण्यात ते घातल्यावर त्यांच्या बीजांडकोशाची वाढ खुंटली. म्हणजे राणी ही 'जास्त चांगलं खाल्लेली' माशी असण्यापेक्षा बी ब्रेडपासून लांब ठेवलेली माशी असू शकते. शेवटचा शब्द अजून कुणी टाकलेला नाही. साखर, प्रथिनं, खाण्याचं प्रमाण, सगळ्यांचाच हात दिसतो. पण बी ब्रेडला 'सुपरफूड' म्हणणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

पण थांबा, हेच पी-कुमारिक आम्ल मोठ्या माशीसाठी औषध आहे. त्याच गटाचं 2013 चं काम: हे आम्ल पोटात गेलं की माशीच्या शरीरातली विष पचवणारी जनुकं जागी होतात, रोगप्रतिकाराचीही काही. नुसत्या साखरेवर ठेवलेल्या माशीत ती तशी जागी होत नाहीत. हे वाचलं आणि मला आपलं गुऱ्हाळ आठवलं.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. हंगामात कुठल्याही गुऱ्हाळावर जा, रसाच्या टाकीवर, मळीच्या ढिगावर, काकवीच्या डब्यावर माशांचं मोहोळ. काही रसात बुडून मरतात, काही काहिलीच्या वाफेत. रसवंतीगृहावर तर गिऱ्हाईक ग्लासातली माशी बोटानं काढून रस पितं. लोक म्हणतात, केवढी चंगळ त्यांची! चंगळ नाही, उपासमार आहे ती. उसाला तुरा येतो, पण त्यात मकरंद नाही. आणि पुष्कळसा ऊस तुरा यायच्या आधीच कारखान्याला जातो. पंचगंगेच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथपर्यंत हिरवं दिसतं, पण माशीच्या दृष्टीनं ते माळरान. म्हणून ती रसावर येते. पोट भरतं, पण रसात पराग नाही, प्रथिन नाही. आणि शेजारच्याच भाजीपाल्यावर फवारा चालू असतो. विष पचवायची ताकद ज्या खाण्यातून येते ते नाही, आणि विष मात्र आहे.

फ्रान्समध्ये सेड्रिक आलो यांनी 2010 मध्ये माशांना वेगवेगळे पराग घालून बघितले. एकाच झाडाच्या परागावर ठेवलेल्या माशांपेक्षा मिश्र पराग खाणाऱ्या माशांत ग्लुकोज ऑक्सिडेज हे जंतूंपासून राखण करणारं विकर जास्त मिळालं. एकाच झाडाचा पराग प्रथिनानं भारी असला तरी मिश्रणाची सर त्याला आली नाही. बाळूच्या चौकटीतला तो पिवळा-तांबूस-पिवळा थर मला तेव्हा नुसता देखणा वाटला होता. जांभूळ, हिरडा, गेळा, शेवगा, कुणाच्या परड्यातला भोपळा, असं काय काय त्यात असणार. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी मधाचा रंगच वेगळा.

आता माणसाकडं येते, कारण काका अजून काउंटरपाशीच उभे आहेत.

बी ब्रेडवरचं बहुतेक काम काचेच्या नळीत आणि उंदरांवर झालंय. मलेशियातल्या संशोधकांनी चरबी खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांना बी ब्रेड दिलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांची तब्येत सुधारलेली दिसली. चांगलं काम आहे, मी नावं ठेवत नाही. डोस होता शरीराच्या किलोमागे अर्धा ग्रॅम. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण 6 नं भागतात, म्हणजे किलोमागे 80 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला झाले जवळपास 5 ग्रॅम. एमआरनं दिलेल्या कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम. म्हणजे रोज 10 कॅप्सूल. पाकिटावर लिहिलंय रोज एक. हा हिशोब मी त्याला कागदावर मांडून दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, असं कोण बघतंय?" त्यानंतर तो माझ्याकडं फक्त खोकल्याची औषधं घेऊन येतो.

खोकल्यावरून आठवलं. मधमाशीच्या सगळ्या मालात माणसावर नीट तपासलेलं काही असेल तर तो साधा मध. मुलांच्या खोकल्यावर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा 2018 चा आढावा आहे: काहीच न देण्यापेक्षा मध बहुधा बरा, आणि खोकल्याच्या सिरपमधल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या तुलनेत फारसा फरक नाही. औषध दुकानदारानं हे लिहू नये, पण लिहिलं. वरवरच्या भाजलेल्या जखमांवर मधाची पट्टी नेहमीच्या पट्टीपेक्षा चारपाच दिवस आधी जखम भरून आणते, असं त्यांच्याच 2015 च्या आढाव्यात आहे. तो मात्र निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध, फडताळातल्या बरणीतला नव्हे. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. बाळ जन्मलं की मध चाटवायची आपली रीत आहे, घुटीतही घालतात. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. आजी रागावते, रागावू दे. मध खरा असेल तरी हेच. आणि तो खरा असेलच याची खात्री नाही: 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेनं 13 ब्रँडचे मध तपासले, तेव्हा सगळ्या चाचण्यांतून 3 च सुटले.

रॉयल जेलीबद्दल एवढंच सांगते, की ऑस्ट्रेलियात तिच्या बाटलीवर दमा आणि ॲलर्जीवाल्यांसाठी इशारा छापावाच लागतो, कारण तिनं माणसं दगावलीत. परागाचंही तसंच, ज्याला परागाची ॲलर्जी आहे त्यानं बी ब्रेड म्हणजे परागाचाच गोळा हे विसरू नये. 'ऑस्ट्रेलियात मधमाशीच्या विषानं कॅन्सर बरा' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. 2020 मध्ये पर्थच्या सियारा डफी यांनी विषातल्या मेलिटिन या घटकानं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात हे दाखवलं, ते प्रयोगशाळेतल्या ताटलीत. त्या जोरावर कुणी माशा चावून घ्यायला जाऊ नये. स्पेनमध्ये एक बाई जिवंत माशीच्या डंखाचे उपचार घेत असताना ॲलर्जीनं गेल्या, आणि त्याआधी दोन वर्षं त्यांना त्याचा त्रास झाला नव्हता.

प्रोपोलिसचा तर आपल्याकडं वेगळाच विनोद आहे. तो झाडांचा डिंक-राळ गोळा करून माशा पोळ्यात लावतात. मेलिफेरा लावते, आपली सातेरी सहसा लावत नाही. त्यामुळं 'सह्याद्रीच्या सातेरीचा शुद्ध प्रोपोलिस' असं कुणी विकायला लागलं, तर त्याला माझ्याकडं पाठवा, मला त्याला बघायचंय.

आणि हाच सातेरीचा मुद्दा मला बी ब्रेडच्या बाबतीत जास्त टोचतो. कॅप्सूलमधला माल मेलिफेराच्या मोठमोठ्या वसाहतींतून येतो, जिथं साठा भरपूर असतो. सातेरीची पेटी वर्षाला फार तर 5 ते 10 किलो मध देणार. पावसाळ्यात भुदरगडात धो-धो कोसळतं, माशीला दारातून बाहेर पडता येत नाही, फुलं धुऊन जातात. तेव्हा आत जो पराग साठलेला असेल त्यावरच पिल्लं वाढणार. तो संपला की राणी अंडी घालणं थांबवते, आणि सातेरी अशी मानी, की घरात खायला नसेल तर पेटी सोडून निघूनच जाते. बाळूच्या कितीतरी पेट्या श्रावणात अशा रिकाम्या झाल्यात.

त्याला मी विचारलं, "पावसात काय घालतोस?"

"साखरंचं पाणी. सगळीच घालत्यात."

मग मी त्याला जनुकांचं, त्या आम्लाचं, फ्रान्सच्या मिश्र परागाचं, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाला, "म्हंजे डबीत भरून इकायचं न्हाई म्हणतीस."

"नको विकू."

"कोण तरी पुण्याचा आलता इचारत. किलोला चांगला भाव सांगत हुता."

मी काही बोलले नाही. पैशाचा प्रश्न त्याचा आहे, माझं दुकान पेट्यांवर चालत नाही. पण त्यानं हिशोब स्वतःच केला. एका चौकटीतला पराग सुईनं टोकरून काढायला अख्खी दुपार गेली होती, हातात आला होता चमचाभर. आणि तेवढ्यासाठी बांधलेलं पोळं मोडलं ते वेगळं. मेलिफेरावाले चौकटी वाळवून, गोठवून, यंत्रात फोडून काढतात, ते सातेरीच्या नाजूक पोळ्याला झेपणारं नाही.

यंदा त्यानं मध काढताना परागाच्या चौकटी हलवल्या नाहीत, आणि मेणाला घालायची दोन जुनी पोळी परागासकट परत पेटीत सरकवली. त्यात मेणकिडा होईल ही त्याची भीती आहे आणि ती बरोबर आहे, किडा जुन्या पोळ्यातच आधी शिरतो. म्हणून जोरात चाललेल्या वसाहतीलाच द्यायची असं ठरवलंय. बांधावर शेवगा आहेच, त्याच्या खाली तीळ आणि तूर टाकायची म्हणतोय, गणपतीच्या पुढं-मागं काहीतरी फुलत राहावं म्हणून. घटस्थापनेला पेट्या उघडणार आहे. किती टिकल्या ते तेव्हा कळेल.